सोमवारचं शटर

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दीड-दोन महिन्यांनी एक प्रश्न हमखास येतो. वार सोमवार, वेळ सकाळी साडेआठच्या आसपास. 'आज कुठलं सलून उघडं आहे का? अर्जंट.' मग पत्ते पडायला लागतात. कोणी मॉलमधलं सांगतं, कोणी मानपाड्याच्या पुढचं, कोणी घरी येऊन कटिंग करणाऱ्याचा नंबर टाकतं, आणि एक काका न चुकता लिहितात, 'सोमवारी केस कापू नयेत.' त्यावर तीन-चार जोडलेले हात उमटतात.

गेल्या वर्षी कमिटीने हा प्रश्न एकदाचा मिटवायचं ठरवलं. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या बहुतेक टॉवरांसारखं आमच्याकडेही क्लब हाउस आहे. त्यातली टेबल टेनिसची खोली, टेबल टेनिस कोणीच खेळत नसल्यामुळे, पडून होती. ती सलूनला द्यायची, रहिवाशांना सवलतीचे दर, भाडं सोसायटीला. कल्पना चांगली होती. फक्त कराराच्या मसुद्यात सातव्या कलमात एक ओळ होती : सलून आठवड्याचे सातही दिवस सकाळी ९ ते रात्री १० सुरू राहील. सभेत मसुदा वाचला गेला आणि मी विरोधात हात वर केला. साठ-पासष्ट माणसं हजर होती, विरोधात तीन हात. त्यातला एक हात भाडं फारच कमी लावलंय म्हणून वर गेला होता, हे चहाच्या वेळी कळलं.

कारण विचारलं तेव्हा मला धड सांगता आलं नाही. 'त्यांचा सोमवार असतो ना,' एवढंच म्हणालो. चेअरमन हसले. 'साहेब, तो जमाना गेला.' पुढचा विषय पार्किंगचा होता, त्यामुळे लोकांना घाई होती. सभेत जे सुचत नाही ते घरी आल्यावर, चपला काढता काढता सुचतं. हे तसलंच आहे.

माझं म्हणणं असं की सलून सोमवारी बंद असावं. गल्लीतलं, मॉलमधलं, क्लब हाउसमधलं, सगळीच. आणि ती बंद राहतील याची जबाबदारी आपण गिऱ्हाइकांनी घ्यावी, कारण आता दुसरं कोणी ती घेणारं उरलेलं नाही.

माझं लहानपण किसननगरात गेलं. वडील वागळे इस्टेटमध्ये कामाला, आणि वागळेची सुट्टी शुक्रवारी. विजेचा भार विभागला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना रविवार सोडून वेगवेगळे वार दिलेले असत. आमच्या घराच्या वाट्याला शुक्रवार आला होता. त्यामुळे आमची हजामत शुक्रवारी संध्याकाळी, वडिलांचं बोट धरून. दुकानात दोन लाकडी खुर्च्या. माझ्यासाठी खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकली जायची आणि तिच्यावर बसलं की आपण दरबारात बसल्यासारखं वाटायचं. पाण्याचा फवारा, तुरटीचा खडा, मानेवर फिरणाऱ्या गार वस्तऱ्याची भीती. समोरासमोर लावलेल्या आरशांमध्ये माझी रांगच्या रांग दिसायची, एकामागे एक, लहान होत गेलेली. वडील एकच वाक्य बोलत : 'बारीक करा.' माझं मत विचारायची पद्धत नव्हती.

त्या दुकानाच्या फळ्यावर दरपत्रकाखाली लिहिलेलं असे : सोमवारी बंद. पण सोमवारी शाळेतून येताना शटर पूर्ण खाली नसायचं. गुडघ्याएवढं वर असायचं आणि त्याखालून चार-सहा पाय दिसायचे. एकदा वाकून बघितलं. आमचे केस कापणारे काका स्वतः खुर्चीत बसलेले, आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाचे मालक त्यांच्या मानेवर वाकलेले. न्हाव्याचे केस कोण कापतं, यावर तर्कशास्त्रवाले एक प्रसिद्ध कोडं घालतात आणि त्यात भलेभले अडकतात. किसननगरात त्याचं उत्तर सोपं होतं. सोमवारी, अर्धं शटर ओढून, दुसरा न्हावी.

'न्हावी' हा शब्द मी जरा बिचकतच लिहितो आहे. समाजाची मंडळी स्वतःला नाभिक म्हणवतात आणि 'न्हावी' या शब्दात आपण वर्षानुवर्षं जी तुच्छता कोंबली ती त्यांना ऐकू येते. हजामत या शब्दाचंही आपण तेच केलं. कोणी गंडवलं की आपली 'हजामत झाली', नसता उद्योग केला की 'भलती हजामत'. पाट्यांवर बघा, हा शब्द झटकायचा प्रवास दिसतो : हेअर कटिंग सलून, केशकर्तनालय, जेन्ट्स पार्लर, युनिसेक्स सलून. आता हिरानंदानीच्या बाजूला 'मेन्स ग्रूमिंग स्टुडिओ' दिसतात. आत काम तेच, कात्री-कंगवा आणि उभं राहणं.

सोमवारच का? एक उत्तर ठरलेलं : शंकराचा वार. मला ते फारसं पटत नाही. वार पाळायचेच म्हटले तर आपल्याकडे कोणी सोमवारी केस कापत नाही, कोणी मंगळवारी, कोणी गुरुवारी, बरेच जण शनिवारी. शिवाय अमावास्या, चतुर्थी आणि अख्खा श्रावण. सगळ्यांचं सगळं ऐकलं तर नाभिकाने वर्षातून दोन महिने दुकान उघडावं. माझा हिशोब साधा आहे. सगळ्या गावाला रविवारी सुट्टी, म्हणून त्याला रविवारी सर्वांत जास्त काम. ज्या दिवशी सगळे कामावर परत जातात तो दिवस त्याचा.

आणि रविवारची गोष्ट निघालीच आहे तर ती ठाण्याची आहे. ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांना संघटित केलं. कामगारांना आठवड्यातून एक दिवस तरी मोकळा मिळावा म्हणून अर्ज, सभा, सह्या असं कित्येक वर्षं चाललं आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी लिहिली गेली. आज आपण रविवारी साडेनऊला उठून, पोहे खाऊन सलूनमध्ये नंबर लावायला जातो, त्यात लोखंड्यांचा वाटा आहे.

त्याच १८९० साली मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. न्हाव्यांनी एकत्र जमून ठरवलं, की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारातून आलेलं हे पाऊल, आणि मुंबईतल्या त्या संघटनात पुढे होते तेही लोखंडेच. या संपाबद्दल आपण विधवांच्या बाजूने खूप वाचतो, ते योग्यच आहे. पण वस्तरा हातात असलेल्या माणसाच्या बाजूने बघितलं तर ती आणखी एका अर्थाने मोठी घटना होती. पिढ्यानपिढ्या ज्याला कोणीही, कुठल्याही वेळी बोलवावं आणि त्याने धोपटी उचलून निघावं, अशी ज्याची जागा ठरलेली, त्याने सांगितलं की हे काम मी करणार नाही. एकट्याने सांगितलं असतं तर त्याचं बलुतं बुडालं असतं आणि दुसरा कोणी आला असता. सगळ्यांनी एकदम सांगितलं, म्हणून ते 'नाही' टिकलं.

इथे एक गोष्ट झाकून पुढे जाणं अप्रामाणिकपणा होईल. वस्तऱ्याचं 'नाही' नेहमीच असं उजळ नव्हतं. गावोगावी दलितांचे केस कापायला नकार दिला जात होता. तो नकार गावाने घालून दिलेला होता हे खरं, मोडला असता तर न्हाव्यालाच गावाने वाळीत टाकलं असतं हेही खरं, पण ज्याला खुर्चीवर बसू दिलं नाही त्याला त्या कारणांचं काय? राज्यघटनेचं सतरावं कलम आणि १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा, दोन्हींनी ते बेकायदा ठरवलं. त्यामुळे मी जेव्हा 'नाही म्हणण्याचा हक्क' म्हणतो तेव्हा तो माणूस बघून नाही म्हणण्याचा हक्क नव्हे. वार बघून. सोमवारचं शटर चेअरमनलाही बंद आणि वॉचमनलाही.

आता कायद्याचं. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात प्रत्येक दुकानाने आठवड्यातून एक दिवस बंद राहिलं पाहिजे, असं होतं. म्हणजे फळ्यावरच्या 'सोमवारी बंद'च्या मागे सरकार उभं होतं. २०१७ मध्ये महाराष्ट्रात नवा कायदा आला. त्याने दुकानांना वर्षाचे ३६५ दिवस उघडं राहायची मुभा दिली. दुकान उघडं ठेवा, कामगाराला मात्र आळीपाळीने आठवड्याला सलग २४ तासांची सुट्टी द्या. वाचायला छान आहे. पण तो कायदा आला तेव्हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. दहा कारागिरांचं सलून तुम्ही ठाण्यात किती बघितलंत? नौपाड्यात, वर्तकनगरात, कळव्यात, खाडीपलीकडे ऐरोली-कोपरखैरण्यात दुकान म्हणजे दोन, तीन, फार तर चार खुर्च्या. ही सगळी दुकानं सुट्टीच्या नियमाच्या चौकटीबाहेर पडली. दुकान बंद ठेवायची सक्ती गेली आणि माणसाला सुट्टी द्यायची सक्ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. इन्स्पेक्टरराज संपलं म्हणून तेव्हा टाळ्या पडल्या. इन्स्पेक्टरबद्दल मलाही प्रेम नाही, पण त्याच्याबरोबर काय काय बाहेर गेलं ते कोणी मोजलं नाही.

आमच्या सभेत एक तरुण सभासद म्हणाला होता, 'अंकल, दुकान उघडं राहू दे की, कारागीर आळीपाळीने सुट्टी घेतील.' आयटीतला मुलगा आहे, शहाणा आहे, आणि त्याच्या कंपनीत असंच चालतं. त्याला पगार मिळतो, हा एवढाच फरक. सलूनमधला बहुतेक कारागीर पगारावर नसतो, निम्म्यावर असतो. एकशेवीस रुपयांची कटिंग झाली की साठ मालकाचे, साठ त्याचे. गाळा, वीज, पाणी, पावडर, ब्लेड मालकाचं, हात कारागिराचे. अशा माणसाला तुम्ही 'मंगळवारी तू सुट्टी घे' म्हणालात तर त्याचा अर्थ मंगळवारी तू शून्य कमव. त्याचं गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीवर बसेल आणि पुढच्या महिन्यातही तिथेच बसेल. कटिंगच्या बाबतीत आपण पुरुष फार आळशी असतो, एकदा हात बदलला की बदलला. म्हणून तो सुट्टी घेत नाही. कागदावर आळीपाळी, प्रत्यक्षात सातही दिवस.

तीच सुट्टी सगळ्यांनी एकाच दिवशी घेतली की गणित उलटं होतं. सोमवारी शहरातली सगळी शटरं खाली असतील तर माझे केस कुठेही पळून जात नाहीत. ते रविवारी कापले जातील किंवा मंगळवारी. माणसाचे केस दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतात. सोमवार थांबल्यामुळे शहराच्या सौंदर्यात पडणारा फरक तेवढाच. सहा दिवसांत तेवढीच डोकी येणार आणि गल्ल्यात जवळजवळ तेवढेच पैसे पडणार. वडापाव सोमवारी खाल्ला नाही तर तो धंदा बुडाला. मंगळवारी कोणी दोन खात नाही. केसांचं तसं नाही. इतकी फुकटात पडणारी सुट्टी दुसऱ्या कुठल्या धंद्यात क्वचितच सापडेल. अट एकच, कोणीही एकट्याने उघडायचं नाही. एकाने उघडलं की शेजारचा अस्वस्थ होतो, तिसऱ्या आठवड्यात तोही उघडतो, आणि सहा महिन्यांनी सगळे सात दिवस राबून सहा दिवसांचेच पैसे कमावत असतात.

यावर अर्थशास्त्र शिकलेला माझा एक मित्र म्हणाला, याला कार्टेल म्हणतात. दर एकत्र ठरवणं आणि सुट्टी एकत्र घेणं, त्याच्या मते एकाच जातीच्या गोष्टी. मला तसं वाटत नाही. संघटनेने ठरवलेलं दरपत्रक मला स्वतःला पटत नाही. ज्याचा हात चांगला त्याने जास्त घ्यावेत, ज्याचा गाळा स्वस्त त्याने कमी. दरात गिऱ्हाइकाच्या खिशातलं काही जातं. सोमवारात काय जातं? रविवारच्या सकाळी थोडी जास्त रांग. शाळा, बँका, कोर्टं, सरकारी कचेऱ्या सगळ्या एकाच दिवशी बंद असतात, त्याला आपण कार्टेल म्हणत नाही. पांढरपेशांची सामूहिक सुट्टी म्हणजे कॅलेंडर, आणि कात्रीवाल्यांची म्हणजे कार्टेल?

मागणी वाढली आहे, हे मात्र मान्य केलं पाहिजे. आमच्या वडिलांना महिन्या-दीड महिन्याला एक कटिंग पुरायची. माझ्या मुलाला फेड हवा असतो. मशिनने कानाजवळ शून्यापासून सुरू करून वर वर दाट करत नेलेला तो उतार दिसतो मोठा देखणा, पण दोन आठवड्यांत त्याची रेघ पुसट होते आणि पोरगं पुन्हा खुर्चीत. त्यात दाढी. पूर्वी दाढी करायची किंवा ठेवायची असे दोनच पर्याय होते. आता ठेवलेली दाढीच सगळ्यात जास्त काम मागते. गालावरची रेघ, गळ्याखालची रेघ, तेल, आकार. वर डी-टॅन, हेअर स्पा, आणि चाळिशी उलटलेल्यांचा रंग. मी यातलं काहीच करत नाही अशी फुशारकी मारणार नाही; रंग मीही लावतो, ऑफिसात तरुण साहेब आल्यापासून. पुरुष नटायला लागले याचा मला आनंदच आहे. आपल्या देहाची निगा राखणं म्हणजे बायकी, असं समजून ज्यांनी आयुष्यभर लाइफबॉयने डोकं धुतलं त्यांच्यापेक्षा ही पोरं बरी. पण ही निगा कोणाच्या तरी उभं राहण्यातून येते. ज्या कारागिराकडे मी जातो त्याच्या पोटऱ्यांवर फुगलेल्या निळ्या शिरा आहेत. सकाळी नऊ ते रात्री दहा उभं राहून, खांदे वर उचलून, मान एका बाजूला कलवून काम. बोटांची कातडी रंगाच्या रसायनांनी सोललेली. रविवारी तो जेवतो चार वाजता, तेही पडद्यामागे उभ्याने.

आठवड्याला एक दिवस त्या पायांना द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे.

'पण ज्यांना सोमवारीच वेळ असतो त्यांनी काय करायचं?' हाही प्रश्न सभेत आला होता. नर्स, हॉटेलातली माणसं, टीएमटीचे ड्रायव्हर, यांचे वार वेगळे असतात. असतात. पण सलून हे काही पोस्ट ऑफिस नव्हे, ते रात्री साडेनऊपर्यंत उघडं असतं, आणि उरलेले सहा दिवस आहेतच. आमच्या वडिलांनी शुक्रवारच्या जोरावर तीस वर्षं केस कापले. खरी अडचण असते तेव्हा सोमवार आडही येत नाही. घरात माणूस गेलं आणि दहावा सोमवारी आला तर नाभिक घाटावर येतो; मी माझ्या घरच्या वेळी हे बघितलं आहे. पैशांचंही त्याने नंतर बघू म्हटलं होतं. मर्तिकाला वार नसतो, हे त्याला कोणी करारात लिहून द्यावं लागलं नाही. सोमवारी सकाळच्या त्या 'अर्जंट' मेसेजमागे मात्र बहुतेक वेळा रविवारी क्रिकेट बघत बसलेला माणूस असतो. त्यात मीही एकदा होतो.

ज्या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही तो कारागिराचाच आहे. ठाण्यात, नवी मुंबईत आज कात्री धरणारे कितीतरी हात उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत. मराठी नाभिकांची पुढची पिढी शिकली, बँकेत गेली, इंजिनीअर झाली, काहींनी दुकान ठेवलं आणि खुर्च्या या मुलांना दिल्या. त्याबद्दल राजकारणी जे बोलतात ते बोलोत. माझे केस कापणारा मुलगा पंचवीस-सव्वीसचा आहे. त्याला मी सोमवारचं माझं हे तत्त्वज्ञान ऐकवलं. तो कात्री न थांबवता म्हणाला, 'छुट्टी लेके करूँ क्या, अंकल? कमरे में आठ लोग हैं.' गावी पैसे पाठवायचेत, बहिणीचं लग्न आहे, सोमवारी पडून राहिलं तर खोलीवाला एखादा जुगाराला बसवतो. त्याला सात दिवस काम हवं आहे. मी कोण त्याला विश्रांती शिकवणारा? थोडा वेळ मी गप्प बसलो, केस गळ्यात पडत होते. मग तोच म्हणाला, की मागचं दुकान त्याने सोडलं, कारण तिथे सुट्टीच नव्हती. म्हणजे त्याला काम हवं आहे आणि सुट्टीही, आणि यात विसंगती काहीच नाही. एकट्याने सुट्टी मागितली तर खुर्ची जाते म्हणून तो मागत नाही, आणि न मागितलेल्या गोष्टीची गरज नाही असं आपण समजतो. खोलीत आठ जण हा घरांचा प्रश्न आहे, त्याला सोमवार उघडा ठेवणं हे उत्तर नव्हे. पण त्याच्या पहिल्या वाक्यापुढे माझा युक्तिवाद जरा लंगडतो, हे मान्य.

सोमवारी सलून उघडं असल्याशिवाय आपलं चालणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी २०२० आठवावं. मार्चमध्ये शटरं पडली ती २८ जूनला वर गेली, तीही फक्त केस कापण्यासाठी. दाढीला, चेहऱ्याला हात लावायला परवानगी नव्हती. ठाण्यात तर चारच दिवस. २ जुलैपासून शहर पुन्हा बंद झालं, पाठोपाठ नवी मुंबईही. त्या तीन-चार महिन्यांत आम्ही काय केलं? बायकोने माझे केस कापले, मी मुलाचे, मुलाने ट्रिमरने स्वतःचे. सगळ्यांच्या डोक्यावर उंदरांनी कुरतडल्यासारखी नक्षी होती आणि व्हिडिओ कॉलवर सगळा देश तसाच दिसत होता. आपण सहज निभावून नेलं. ज्यांचं निभलं नाही ते दुकानवाले होते. काहींनी भाजीची गाडी लावली, काही गावी गेले ते आलेच नाहीत. आपली शंभर दिवसांची गैरसोय ही गमतीची आठवण झाली आणि त्यांची कर्जं अजून फिटत असतील. तेव्हा शटर त्यांनी खाली ओढलं नव्हतं, ओढायला लावलं होतं, आणि त्या काळात त्यांच्याकडे कोणी फार बघितलं नाही. ज्या शहराने त्यांना इतके दिवस बंद ठेवलं त्याच शहराने आता म्हणावं की एक दिवसही बंद ठेवू नका, हे मला जरा जास्तच वाटतं.

क्लब हाउसमधलं सलून सुरू होऊन आता आठ महिने झाले. काचेचा दरवाजा, एसी, तीन खुर्च्या. कटिंग अडीचशे, सवलत धरून. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरावरून पाच टक्क्यांवर आला, याचं खजिनदारांनी मोठं कौतुक केलं. आमच्या गल्लीतल्या जुन्या दुकानाची उलाढाल इतकी, की त्याला तो कधी लागलाच नव्हता. आत भिंतीवर एक पडदा आहे आणि त्यावर परदेशी दाढ्या फिरत असतात. किसननगरच्या दुकानात भिंतीवर संत सेना महाराज होते, जिवा महाला होते आणि एक करारी डोळ्यांचा तरुण होता. मला लहानपणी वाटायचं तो मालकांचा गेलेला भाऊ असणार. ते भाई कोतवाल होते. माथेरानच्या नाभिक कुटुंबातला वकील झालेला मुलगा, बेचाळीसच्या लढ्यात मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचा म्होरक्या. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाडजवळ सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाला. सिद्धगड आपल्याच जिल्ह्यात. शाळेत मला हे कळायच्या आधी ते सलूनच्या भिंतीवर होतं. पडद्यावरच्या दाढ्यांशी माझं वैर नाही, पण वाट बघताना त्यांच्याकडून काही कळत नाही.

तिथल्या तीन कारागिरांची आळीपाळी सुरुवातीला चालली. सोमवारी एक, मंगळवारी एक, बुधवारी एक. मग छठला एक जण गावी गेला, तो महिनाभर. उरलेल्या दोघांना सात दिवस, सकाळी नऊ ते रात्री दहा. सातवं कलम मोडलं तर दंड आहे. कलम पाळताना माणूस मोडला तर काय, ते मसुद्यात नाही. त्या महिन्यात एका सोमवारी दुपारी मी आत डोकावलो. गिऱ्हाईक एकही नव्हतं. दोघेही गिऱ्हाइकांच्या खुर्च्या मागे करून झोपले होते आणि पडद्यावर दाढ्या फिरत होत्या. त्याच संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला : 'हे बघा आपलं सलून, स्टाफ झोपलाय.'

करार अकरा महिन्यांचा आहे, म्हणजे नूतनीकरण जवळ आलं. मी सेक्रेटरींना पत्र दिलं आहे. सातव्या कलमात 'सातही दिवस'च्या जागी 'सोमवार सोडून सहा दिवस' असं करावं. दिवाळीच्या आणि गणपतीच्या आधीचा सोमवार उघडायचा की नाही हे कारागिरांनी ठरवावं. सेक्रेटरींनी पोच दिली. झेरॉक्सच्या कोपऱ्यात कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं आहे : मग सोमवारी टेबल टेनिस?